बाकी सगळं सारखं धरलं तर

परळ-लालबागच्या गिरण्या का बुडाल्या, हे गिरणगावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, उत्तर तयार असतं. कुणी म्हणतं, मालकांनी नफा उपसला आणि साचे आजोबांच्या काळातले ठेवले. कुणी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाकडे आणि त्याचे पुढारी दत्ता सामंत यांच्याकडे बोट दाखवतं. कुणी भिवंडीच्या यंत्रमागांचं नाव घेतं, कुणी सरकारी धोरणाचं, तर कुणी थेट जमिनीच्या भावाचं. यातलं एकही उत्तर खोटं नाही. पंचाईत अशी की प्रत्येक जण आपलं कारण शंभर टक्क्यांचं समजतो, आणि सगळ्यांची बेरीज केली तर गिरण्या पाच वेळा बुडायला हव्या होत्या.

मग कोणत्या कारणाचा वाटा किती? धंद्यातल्या यशापयशाबद्दल किंवा माणसांच्या वागण्याबद्दल विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा इथेच येऊन अडतो. प्रयोगशाळेत एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते पाहायचं, ही सोय असते. गिरणगावात ती नव्हती. तिथे मजुरी, यंत्रं, कापूस, मुकादम, संप आणि बाजारभाव एकाच वेळी हलत होते. अशा गुंत्यातून एकेका कारणाचा वाटा वेगळा काढायच्या रीतीला मल्टिपल रिग्रेशन म्हणतात. संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ती ‘समाश्रयण’ या नावाने भेटते. बाकी सगळं सारखं धरलं तर ही एक गोष्ट बदलल्याने परिणाम कितीने बदलतो, एवढाच प्रश्न ती विचारते. तो अनेक गोष्टींबद्दल एकाच समीकरणात विचारते, हे तिचं वैशिष्ट्य.

हिशेब कसा चालतो ते कल्पित आकड्यांवर पाहता येईल. समजा, मराठी माध्यमात शिकलेल्या शंभर जणांचा सरासरी पगार २० हजार आहे आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या शंभर जणांचा २६ हजार. फरक सहा हजारांचा, आणि कुठलाही शेजारी तो सगळा इंग्रजीच्या खात्यावर टाकून मोकळा होईल. पण इंग्रजीवाले सरासरी तीन वर्षं जास्त शिकलेले निघाले, आणि बाकी सगळ्या बाबतींत सारख्या माणसांत एकेक जादा वर्ष हजार रुपये वाढवतं असं दिसलं, तर तीन हजार शिक्षणाच्या वर्षांचे झाले. पुढे कळलं की इंग्रजीवाल्यांपैकी ७० जणांचे वडील कचेरीत नोकरीला होते आणि मराठीवाल्यांपैकी ३० जणांचे. कचेरीतल्या वडिलांचा फायदा, बाकी सगळं सारखं असताना, अडीच हजारांचा असेल, तर ४० टक्क्यांच्या फरकाचे हजार रुपये आणखी वजा. इंग्रजीच्या वाट्याला उरले दोन हजार. समीकरण या सगळ्या वजाबाक्या एकदम करतं, आणि दोनशेऐवजी पाच हजार माणसं आणि तीनऐवजी दहा कारणं असली तरी त्याला फरक पडत नाही.

समाजाच्या प्रश्नावर ही रीत पहिल्यांदा नीट चालवली जॉर्ज उडनी यूल यांनी, १८९९ मध्ये. मुंबईत प्लेगाची साथ चालू होती, त्या काळातली ही गोष्ट. इंग्लंडमध्ये कंगालांना सरकारी मदत घरबसल्या द्यावी की त्यांना आश्रमगृहात डांबून, यावर वाद पेटला होता. यूलनी जिल्ह्याजिल्ह्याच्या नोंदी घेतल्या. वृद्धांचं प्रमाण आणि लोकसंख्येतली वाढ समीकरणात धरली आणि तरीही घरपोच मदतीसोबत कंगालांची संख्या वाढलेली दिसते, असं मांडलं. गंमत त्यांच्या तळटीपेत आहे. लेखात जिथे एका गोष्टीमुळे दुसरी झाली असं लिहिलंय, तिथे काटेकोरपणे दोन्ही गोष्टी सोबत आढळतात एवढंच समजावं, अशी पुस्ती त्यांनी स्वतःच जोडली. पुढे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. जिथला कारभार चांगला, तिथे घरपोच मदतही कमी आणि कंगालीही कमी असू शकते. कारभाराचा दर्जा मात्र आकड्यांत कुठेच नाही. जे मोजलं नाही ते समीकरणाबाहेर राहतं, आणि त्याचं श्रेय किंवा पाप मोजलेल्या गोष्टीच्या नावावर चढतं.

आता पुन्हा गिरण्यांकडे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत मुंबईचं आकाश चिमण्यांनी भरून गेलं. यंत्रं यायची ती लँकेशायरहून; तिथल्या गिरण्यांत बसत तीच. मजुरी मात्र तिथल्या मानाने अगदीच कमी. या हिशेबाने मुंबईने मँचेस्टरला केव्हाच झोपवायला हवं होतं. तसं झालं नाही. अर्थेतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ च्या एका गाजलेल्या लेखात १९१० च्या सुमाराचे देशोदेशीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जेवढं काम उरकायचा, त्याला ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत २.३ आणि हिंदुस्थान, जपान, चीन किंवा ग्रीसमध्ये जवळजवळ सहा माणसं लागत. क्लार्क यांनी मग एकेक कारण तपासून बाजूला ठेवलं. यंत्रं? तीच होती. हवामान? कापसाची प्रत? व्यवस्थापन? मजूर स्वस्त म्हणून मुद्दाम जास्त माणसं लावली असतील? कशानेच सहापटीचा फरक भरून निघेना. शेवटी जे शिल्लक राहिलं ते त्यांनी कामगाराच्या नावावर मांडलं.

या शिल्लकीकडे जरा संशयाने पाहायला हवं. समीकरणाने ज्याचा खुलासा होत नाही तो भाग म्हणजे फक्त न उलगडलेला भाग. त्यावर ‘कामगार’ अशी चिठ्ठी डकवणं हा लिहिणाऱ्याचा निर्णय असतो, आकड्यांचा नव्हे. क्लार्क यांच्यावर तेव्हाच टीका झाली आणि वाद पुढे बरीच वर्षं चालला.

साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, उभं राहून पाहिलं तर ही शिल्लक वेगळी दिसते. मुंबईचा विणकर साधारण दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचा, लँकेशायरचा चार, अमेरिकेचा आठ. दोनच का? १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला, त्यामागचं एक मोठं कारण हाच तंटा होता. मालकांना एका माणसाकडे तीन साचे द्यायचे होते. कामगारांचा हिशेब सरळ होता: तिघांचं काम दोघांनी केलं की तिसरा रस्त्यावर, आणि तिसरा बहुधा आपल्याच गावचा. सुझन वोल्कॉट या संशोधिकेने १९२० ते १९३८ या काळातल्या हिंदी आणि जपानी गिरण्यांची तुलना करून हा धागा उकलला. जपानी गिरण्यांत तरुण मुली काही वर्षं काम करून घरी परतत; माणसं कमी झाली तर त्यांचं आयुष्यभराचं नुकसान होत नसे. मुंबईचा कामगार बहुधा पुरुष होता, त्याची सगळी हयात गिरणीत जायची. त्याने जादा साचे नाकारले ते आळसापोटी नव्हे, पोटापोटी. ‘नोकरी किती वर्षांची’ असा एक रकाना वाढवला की शिल्लकीचा रंग बदलतो.

त्याच साळखात्यातली आणखी एक वस्तू इथे हातात घेण्यासारखी आहे: धोटा. मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवा धागा नेणारी ही लाकडी होडी. आतली कांडी संपली की नवी बसवायची, आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. ते काढायची झटपट युक्ती म्हणजे छिद्राला तोंड लावून सूत ओठांनी ओढून घेणं. लँकेशायरमध्येही तसंच करत. मुंबईत या एका कृतीवरून दलित कामगारांना साळखात्याचं दार बंद झालं. त्यांच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणत. विणकामाची मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली होती. दलित कामगार कमी पगाराच्या खात्यांत अडकले. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली.

आता त्या काळातल्या कामगारांच्या पगाराचं समीकरण कुणी मांडलं असं समजू. एका बाजूला पगार. दुसऱ्या बाजूला जात, अनुभव आणि खातं. एकाच खात्यात, सारख्या अनुभवाच्या माणसांत जातीमुळे पगारात फारसा फरक निघणार नाही, कारण कामाचा दर सगळ्यांना सारखाच. उत्तर हातात घेऊन कुणी बेधडक सांगेल, गिरणीत जातिभेद नव्हता. गणितात चूक शून्य, निष्कर्ष मात्र सपशेल उलटा. माणूस कुठल्या खात्यात जाणार हेच जातीने ठरत होतं, आणि समीकरणाने नेमकं खातंच ‘सारखं धरलं’. भेदभाव जिथे घडला ती जागा त्याने आधीच झाकून टाकली. बायकांचे पगार, घरं भाड्याने मिळणं, कर्ज मंजूर होणं या विषयांवरच्या अभ्यासांत ही चूक आजही होते. ‘हुद्दा सारखा धरला तर’ म्हणताना हुद्दा कुणाला मिळतो हा प्रश्न हळूच गळून पडतो.

खात्यात कोण शिरणार हे ठरवणारा माणूस म्हणजे जॉबर. भरती त्याच्या हातात, काढून टाकणं त्याच्या हातात, अडीनडीला उसने पैसे त्याच्याकडून. तो माणसं आणायचा ती आपल्या गावाकडची, नात्यातली, जातीतली. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणून जॉबरची पकड सैल करायचा प्रयत्न केला, पण कोकणातल्या एका गावची माणसं एका गाळ्यात राहतात आणि एकाच गिरणीत लागतात, ही वहिवाट काही मोडली नाही. कुंज पटेल यांच्या १९६३ च्या अभ्यासातही परळच्या गिरणी कामगारांपैकी बहुसंख्यांचे नातेवाईक किंवा जातभाई गिरणीतच असल्याचं दिसलं.

हे नात्यागोत्याचं जाळं गिरण्यांबरोबर संपलं का? या प्रश्नाचं मोजून काढलेलं उत्तर दादरच्या शाळांतून आलं.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नव्या शतकाच्या सुरुवातीला दादर भागातली ४,९०० मराठी कुटुंबं गाठली. कुटुंबं निवडली ती शाळांमार्फत: दादरच्या २९ पैकी २८ शाळांत १९८२ ते २००१ या २० वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मुलामुलींची घरं. यादीचं पहिलं वर्ष आणि गिरणी संपाचं वर्ष एकच, हा योगायोग. पण त्या वर्षी परळहून चालत दादरच्या शाळेत येणाऱ्या पोरांच्या घरी काय चाललं असेल, याची कल्पना करता येते. बालमोहन, छबिलदास अशा नावाजलेल्या मराठी शाळांचा हा भाग, आणि याच २० वर्षांत ‘मराठी की इंग्रजी’ हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात जेवणाच्या पाटावर आला. निष्कर्ष २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आले.

पहिलं समीकरण मिळकतीचं. शिक्षणाची वर्षं हिशेबात धरल्यावर, निव्वळ इंग्रजी माध्यमामुळे पुरुषांना मिळणारा फायदा १९८० च्या दशकात सुमारे १५ टक्के होता; १९९० च्या दशकात तो २४ टक्क्यांवर गेला. बायकांच्या बाबतीत तो जवळजवळ शून्यावरून २७ टक्क्यांवर पोचला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर बँका, विमा, संगणक आणि परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत इंग्रजीला भाव आला, तो इथे टक्क्यांत उतरलेला आहे.

इथे पिगूसाहेबांची शंका पुन्हा उभी राहते. हुशार मुलंच इंग्रजी शाळेत जात असतील तर? मग तो फायदा इंग्रजीचा नसून हुशारीचा. पण माध्यम ठरतं पाचव्या-सहाव्या वर्षी, पोराची हुशारी उजेडात येण्याआधी. निवड आईबाप करतात. त्यामुळे खरी भीती असते ती आईबापांच्या फरकाची, आणि आईबापांचं शिक्षण, मिळकत, व्यवसाय मोजता येतं. खरा जीव दुसऱ्या समीकरणात आहे, कारण तिथे प्रश्न पैशाचा नसून वागण्याचा आहे: कुणी कुठलं माध्यम निवडलं?

भाव वाढला की माणसं तिकडे वळतात, हे अर्थशास्त्राचं पहिलंच पान. त्या न्यायाने सगळ्याच थरांतली मुलं इंग्रजीकडे सरकायला हवी होती. सरकलीही, पण सारखी नाही. वरच्या आणि खालच्या समजल्या गेलेल्या जातींत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजी माध्यमाच्या बाबतीत मोठं अंतर होतं. मुलींच्या बाबतीत २० वर्षांत ते भराभर मिटत गेलं. मुलांच्या बाबतीत टिकून राहिलं. एकाच जातीत, एकाच आर्थिक थरात, कधी एकाच छपराखाली बहीण इंग्रजी शाळेत आणि भाऊ मराठी शाळेत.

गरिबी, आईबापांचं कमी शिक्षण किंवा अनास्था ही नेहमीची कारणं इथे लटकी पडतात, कारण ती भावाबहिणीला सारखीच लागू आहेत. मुन्शी-रोझेन्झ्वाइग यांचा खुलासा थेट जॉबरच्या वारशाशी जाऊन भिडतो. ज्या जातींतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतीच्या, कारखानी कामांत होते, त्यांच्याकडे नोकरी लावून देणारं जाळं होतं. काका सांगतो, मामा शब्द टाकतो, पोरगा चिकटतो. त्या वाटेला इंग्रजी लागत नव्हती, मराठी शाळा पुरत होती. शिवाय एकेक जण बाहेर पडला तर जाळंच विरळ होईल, हा दबाव होता. जातीतल्या पुरुषांचा अशा कामांकडचा कल जितका जास्त, तितकी मुलगे इंग्रजी शाळेत जाण्याची शक्यता कमी. मुलींवर मात्र त्या कलाचा तसा परिणाम नाही. बायकांना या जाळ्याने फारशा नोकऱ्या लावल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांना धरून ठेवायलाही तिथे काही नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीपासून वंचित राहिल्या, तिच्याच अभावाने मुली मोकळ्या झाल्या. समीकरणातून निघालेल्या निष्कर्षांत इतका चटका लावणारा निष्कर्ष क्वचितच सापडतो.

वागणुकीचा अभ्यास इथपर्यंत नेता येतो. धंद्याचा आणखी पुढे नेता येतो का? कारभाराचा दर्जा मोजायचा कसा, ही पिगूंची अडचण शंभर वर्षांनी सुटली ती मुंबईच्या उत्तरेला, तारापूर आणि उंबरगावच्या औद्योगिक वसाहतींत. गिरणगावातून उठलेला कापडाचा धंदा जिथे जिथे जाऊन बसला, त्यातल्याच या जागा. २००८ पासून निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स यांनी १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा पाठपुरावा केला. सरासरी २७० कामगारांच्या, घरच्या मालकीच्या या कंपन्या. आत अवस्था अशी की सुताची पोती नावनिशाणीविना एकावर एक टाकलेली, हत्यारं विखुरलेली, जमिनीवर तेल सांडलेलं. कापडात दोष निघाला की तो हाताने दुरुस्त करायला माणसं बसवलेली, पण दोष कुठल्या मागावर, कधी आला याची नोंद नाही. ‘कारभार’ हा शब्द हवेत न ठेवता त्यांनी ३८ ठोस सवयींची यादी केली. मागाची देखभाल ठरल्या दिवशी होते का, दोषांची नोंद रोज पाहिली जाते का, साठा मोजला जातो का, अशा.

आता या ३८ पैकी किती सवयी आहेत आणि उत्पादन किती होतं, यांचं सरळ समीकरण मांडता आलं असतं. पण चांगल्या सवयींचा मालक बहुधा जास्त शिकलेला, जास्त भांडवलाचा, चांगल्या ओळखींचा असतो; सगळं मोजून संपत नाही. म्हणून कुठल्या कंपन्यांना सल्लागारांची पूर्ण मदत मिळणार हे नशिबावर सोडलं. ११ कंपन्यांना महिनाभराची तपासणी आणि पुढे चार महिने सल्लागारांची सोबत. उरलेल्या सहांना फक्त तपासणी. गट असे यादृच्छिक पाडले की मोजलेले आणि न मोजलेले सगळे फरक दोन्ही बाजूंना सरासरीने सारखेच वाटले जातात, आणि मग रिग्रेशनने दिलेल्या आकड्याला ‘मुळे’ म्हणायला हरकत नसते. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

इतका फायदा होता तर मालकांनी आधीच का केलं नाही? आणि चांगल्या कंपन्यांनी वाढून ढिसाळ कंपन्यांना गिळलं का नाही? याचं उत्तर त्याच अभ्यासातल्या एका बाजूच्या तक्त्यात आहे. कंपनीचे कारखाने किती, हे कारभाराच्या दर्जावरून कळत नव्हतं. ते कळत होतं घरातल्या पुरुष माणसांच्या संख्येवरून. भाऊ आणि मुलगे जितके जास्त, तितके कारखाने जास्त, कारण बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती किल्ल्या द्यायला मालक तयार नव्हते. पाहणीतल्या सर्वांत उत्तम चालवलेल्या कंपनीचा कारखाना एकच होता. तिच्या मालकाला ना भाऊ होता, ना मुलगा.

आठ-नऊ वर्षांनी हे अभ्यासक पुन्हा तारापूर-उंबरगावला गेले. मदत मिळालेल्या कारखान्यांनी उचललेल्या नव्या सवयींपैकी निम्म्याच्या आसपास सुटल्या होत्या, तरी मदत न मिळालेल्यांपेक्षा ते स्पष्टपणे पुढे होते. सवयी का सुटल्या, याची दोन कारणं सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळाली. पहिलं, कारखान्याचा व्यवस्थापक बदलला. दुसरं, संचालकांना, म्हणजे घरच्या त्याच भावांना आणि मुलांना, लक्ष द्यायला वेळ राहिला नाही.